कागद मागा! पोलीस, कोर्ट, पेपर आणि लांबची युद्धं : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी वीसेक वर्षं काढली, वकील म्हणून नाही हो, एका मराठी पेपरचा बातमीदार म्हणून. आता पेपर सोडला पण लोक काही सोडत नाहीत. शुक्रवारच्या बाजारात मिरच्या घेताना, चवथीला माटोळी बांधताना, भाजीपाव खाता खाता, कोणीतरी हळूच बाजूला घेतो आणि "तुला कोर्टातलं कळतं म्हणून विचारतो" अशी सुरुवात करतो. प्रश्न साधारण तेच असतात म्हणून एकदाचं इथं लिहून टाकतोय. मोठ्या भानगडीत वकीलच गाठा, हे वाचून कोर्टात भांडायला जाऊ नका.

पोलीस स्टेशनातून फोन आला, "जरा येऊन जा" म्हणतायत. जाऊ का?

पहिला नंबर याच प्रश्नाचा. आधी एवढंच विचारा की कशासाठी, कुठल्या केसमध्ये, आणि मी साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून? आणि नोटीस लेखी द्या म्हणून सांगा. उद्धटपणे नाही, "साहेब, ऑफिसात दाखवायला कागद लागतो" असं म्हटलं तरी काम होतं.

१ जुलै २०२४ पासून जुनी सीआरपीसी गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ३५ कलमात अशी नोटीस आहे (जुने लोक अजून ४१-अ म्हणतात, वकीलसुद्धा). ज्या गुन्ह्यात लगेच अटकेची गरज नाही तिथं पोलिसांनी ही नोटीस द्यायची, तुम्ही ठरल्या दिवशी हजर व्हायचं, आणि तुम्ही येत राहिलात तर कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करायची नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक नको हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच अर्नेश कुमार केसमध्ये सांगितलंय. आणि ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर ती धरायची नाही हे जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

साक्षीदार म्हणून बोलवत असतील तर बायकांना, १५ वर्षांच्या आतल्या आणि ६० च्या वरच्या माणसांना, अपंग किंवा खूप आजारी माणसाला स्टेशनात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. हे कोणी सांगत नाही. आमच्या वाड्यावरच्या एका सत्तरीच्या काकींना शेजाऱ्यांच्या भांडणात साक्षीसाठी तीन वेळा बसनं जायला लावलं होतं आणि तिन्ही वेळा "पीएसआय बंदोबस्ताला गेलेत" म्हणून परत पाठवलं.

आपल्याकडे घोळ असा की गोवा लहान, पोलीस ओळखीचा निघतो, कोणाचा तरी मावसभाऊ. त्यामुळे लेखी मागायला लाज वाटते. "आपलाच माणूस आहे, पाच मिनिटांचं काम" म्हणून शनिवारी संध्याकाळी गेलेला एक पोरगा सोमवारी दुपारी माझ्या समोर कोर्टात उभा होता, आणि त्याच्या अटकेची वेळ कागदावर होती रविवार दुपार. शनिवारची रात्र कुठं गेली? कागदावर ती रात्रच नव्हती.

म्हणून जाताना कोणालातरी बरोबर न्या, आणि आत शिरतानाची वेळ घरच्या कोणाला मेसेज करून ठेवा. स्टेशनात सीसीटीव्ही असायलाच हवा आणि फुटेज १८ महिने ठेवायला हवं हे सुप्रीम कोर्टाचं २०२० चं म्हणणं आहे. वेळ माहीत असली तर फुटेज मागता येतं. "कॅमेरा बंद होता" हे उत्तर मिळेल कदाचित, पण मागितल्याचा कागद तरी राहतो.

आणि लेखी नोटीस आली, तरी नाही गेलो तर?

मग मात्र अटक होऊ शकते. कागद मागायचा आणि मिळाल्यावर पळायचं असं चालत नाही.

व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" म्हणतायत...

असलं काही कुठल्याच कायद्यात नाही. फोन कट करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. पुढचा प्रश्न.

खरंच अटक झाली तर काय काय मागायचं?

अटकेची कारणं, लेखी. संविधानाचं २२ वं कलम आधीपासून आहे पण "कारणं सांगितली होती, तोंडी" असं म्हणून पोलीस सुटायचे. मे २०२४ मध्ये न्यूजक्लिकच्या प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सुप्रीम कोर्टानं बेकायदा ठरवली ती याच मुद्द्यावर, लेखी कारणं दिली नव्हती. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत वरळीला गाडीनं उडवल्याच्या केसमध्ये कोर्टानं सांगितलं की हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू, आणि त्या माणसाला कळते त्या भाषेत द्यायचं. गोव्यात हे फार महत्त्वाचं, कारण माणूस बोलतो कोंकणी, वाचतो मराठी, पोलीस लिहितात इंग्लिशमध्ये, आणि किनाऱ्यावर पकडलेला हॉटेलातला पोरगा असतो ओडिशाचा किंवा झारखंडचा. त्याला काय कळणार?

बाकी ठरलेलं: २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर (प्रवासाचा वेळ सोडून), घरच्याला किंवा मित्राला कळवणं, वकिलाला भेटणं, डॉक्टरी तपासणी. डॉक्टरसमोर मार लागला असेल तर तेव्हाच बोला, नंतर बोलून कोण ऐकणार. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अगदीच गरज असेल तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन. आणि तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात माणूस ६० च्या वरचा किंवा आजारी असेल तर डीवायएसपीची परवानगी घेतल्याशिवाय अटक नाही, हे नव्या कायद्यात आलंय, चांगलं आलंय, माझी नव्या कायद्यांवर बरीच नाराजी आहे तरी हे कबूल करतो.

जबाबावर सही करू की नको?

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं आहे, जुन्यातही होतं आणि नव्यातही आहे. तरी घेतात. आणि पोलिसांपुढं दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, त्यामुळे पेपरात "आरोपीची गुन्ह्याची कबुली" असं मोठ्या टायपात वाचलं की समजायचं ही बातमी पोलिसांच्या प्रेसनोटमधून उचललेली आहे. मीही उचलल्यात अशा, डेडलाइन असते, दुसरा पेपर छापणार हे माहीत असतं. आज त्याची लाज वाटते.

पंचनामा वेगळा, त्यावर पंचाची सही लागते. इथं पंच म्हणजे पंचायतीतला पंच नव्हे बरं का, एका पंचायत मेंबरनं मला खरंच विचारलं होतं की सगळे पंचनामे मीच करायचे का! पंच म्हणून सही करण्याआधी सगळं वाचा, कोऱ्या जागा रेघ मारून बंद करा. झडतीचं व्हिडिओ शूटिंग आता सक्तीचं आहे.

एफआयआर घेत नाहीत, "आमच्या हद्दीत नाही" म्हणतात.

सावंतवाडी आणि थिवीच्या मध्ये रेल्वेत बॅग मारली तर हद्द कोणाची हे शोधायला तुम्ही कुठं फिरणार? आता झीरो एफआयआर कायद्यातच आहे, कुठल्याही स्टेशनानं लिहून घ्यायचा आणि योग्य ठिकाणी पाठवायचा. ईमेलनं तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतला तर एसपींना रजिस्टर पोस्टानं लिहा आणि पोचपावती जपून ठेवा, मग मॅजिस्ट्रेट. गंभीर गुन्ह्याची तक्रार आली तर एफआयआर घ्यायलाच हवा हे २०१३ चं ललिता कुमारी जजमेंट. पण नव्या कायद्यात तीन ते सात वर्षं शिक्षेच्या प्रकरणात पोलिसांना १४ दिवस "प्राथमिक चौकशी"ची सोय दिलीय आणि त्या १४ दिवसांत काय काय मिटवलं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

जामिनावर सुटला म्हणजे सेटिंग झाली ना?

नाही रे बाबा. जामीन म्हणजे केस चालू असेपर्यंत बाहेर राहायची परवानगी. पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत (गुन्ह्याप्रमाणे) चार्जशीट दिली नाही तर जामीन हक्कानं मिळतो, त्यात जजच्या मर्जीचा प्रश्न नसतो. यूएपीएमध्ये (दहशतवादविरोधी कायद्यात) हे १८० दिवसांपर्यंत ताणता येतं आणि त्यातला जामीन म्हणजे डोंगराला धडक. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन हाथरसला बातमी करायला जाताना ऑक्टोबर २०२० मध्ये धरले गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं जामीन दिला, पण ईडीची केस होती म्हणून प्रत्यक्ष बाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये. बातमी लिहायच्या आधीच दोन वर्षं चार महिने.

निर्दोष सुटला म्हणजे खरंच निर्दोष? की पोलिसांनी घाण केली?

दोन्ही असू शकतं, आणि कधीकधी पुढं तिसरंच निघतं. २००८ मध्ये हणजुण्याच्या किनाऱ्यावर ब्रिटिश मुलगी मेली तेव्हा आधी "बुडाली" म्हणून फाइल मिटायला निघाली होती. तिची आई अडून बसली, दुसरं पोस्टमॉर्टेम झालं, मग सीबीआय. २०१६ मध्ये इथल्या बाल न्यायालयानं दोघांना सोडलं, आणि २०१९ मध्ये हायकोर्टानं त्यातल्या एकाला दोषी धरून दहा वर्षं दिली. अकरा वर्षं! या सगळ्यात एक परदेशी बाई तारखा धरून गोव्यात येत राहिली. स्थानिक कोणी असती तर तिला "गप बस गो, लोक काय म्हणतील" म्हणून आपणच गप्प केलं असतं, असं मला वाटतं.

तेहेलका मासिकाच्या संपादकांवरचा २०१३ चा लैंगिक अत्याचाराचा खटलाही म्हापशालाच चालला. मे २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले, सरकार अपिलात गेलं. निकालपत्रात तक्रारदार बाईची ओळख पटेल असे उल्लेख होते ते काढून टाकायला हायकोर्टाला सांगावं लागलं. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागतो, "मी फक्त पुढं पाठवलं" चालत नाही.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलेली केस मुंबईची. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टानं बाराच्या बारा सोडले, म्हणजे १९ वर्षांनी. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथं निकाल इतर केसमध्ये दाखला म्हणून वापरू नका असं सांगितलं गेलं, पण माणसांना परत आत घातलं नाही. हायकोर्टाचं बरोबर धरलं तर ज्यांनी बॉम्ब ठेवले ते १९ वर्षं मोकळे फिरले. चुकीचा माणूस आत म्हणजे खरा बाहेर, एवढं साधं आहे हे. आणि ज्यांचे भाऊ, बाप त्या डब्यात गेले त्यांना आता कोण काय सांगणार.

मग कशाला एवढे लाड? थेट गोळी घाला, विषय संपला.

दर मोठ्या बलात्काराच्या बातमीनंतर हे येतं, आणि बोलणारी माणसं वाईट नसतात, संतापलेली असतात, मीही असतो. पण हैदराबाद आठवा. डिसेंबर २०१९ मध्ये चार संशयितांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. मग सुप्रीम कोर्टानं चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष आपले मराठी निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर. २०२२ मध्ये अहवाल बाहेर आला: चकमकीची गोष्ट बनावट, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. आणि त्या चौघांत तीन जण अल्पवयीन असल्याचं आयोगाला दिसलं.

बदलापूरला सप्टेंबर २०२४ मध्ये तेच. आरोपी पोलीस व्हॅनमध्ये मेला, जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या अहवालात पाच पोलीस जबाबदार. त्या दोन लहान पोरींची केस, शाळेनं तक्रार घ्यायला किती वेळ लावला, कोणी काय लपवलं, हे आरोपीच्या उलटतपासणीत बाहेर आलं असतं ते सगळं त्या व्हॅनमध्ये गेलं. गोळी घातली की आरोपी गप्प होतो, आणि त्याच्याबरोबर आणखी कोण कोण सुटतो हे कधीच कळत नाही.

फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते हेच सांगून निवडून आले होते, ड्रग्जवाल्यांना मारून टाका. मार्च २०२५ मध्ये मनिला विमानतळावर त्यांनाच पकडून हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टापुढं नेलं.

कोलवाळच्या जेलात सगळे गुन्हेगारच ना?

देशभरातली ठोक गोष्ट सांगतो: २०२२ च्या सरकारी आकड्यांत तुरुंगातल्या ५ लाख ७३ हजार माणसांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर कुठल्याच कोर्टानं अजून दोष ठेवलेला नाही.

नव्या कायद्यात पहिल्यांदाच आत आलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश वेळ काढला असेल तर सोडायचं, बाकीच्यांना अर्ध्यावर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला नाही, आणि एकापेक्षा जास्त केस असेल तर नाही. हा अर्ज तुरुंग अधीक्षकानं स्वतःहून करायचा असतो. घरच्यांनी तारखा मोजून ठेवा आणि आठवण करा, तेही लेखी.

आत काय असतं म्हणाल तर झारखंडात आदिवासींसाठी काम करणारे, यूएपीएखाली धरलेले फादर स्टॅन स्वामी आठवा. ८४ वर्षांचे, पार्किन्सन, हात थरथरायचे, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर हवा होता आणि त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला कच्चे कैदी म्हणूनच गेले, मुंबईत. आपल्याकडे ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे त्या दिवशी मेणबत्त्या लागल्या होत्या, आणि आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "काहीतरी केलं असेल म्हणूनच धरला." याच्यावर मी तेव्हा काही बोललो नाही.

मानवी हक्क आयोगाकडे जाऊन काही होतं का?

थोडंफार. राज्याचा आयोग पणजीत आहे, फी नाही, वकील लागत नाही, साधं पत्र चालतं, पण घटनेला एक वर्ष व्हायच्या आत जा. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. पण आयोगानं पोलिसांकडून लेखी उत्तर मागवलं की ते फाइलला लागतं आणि पुढं कोर्टात कामाला येतं. भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली आणि आजपर्यंत तो पक्का केला नाही, एवढं सांगून पुढं जातो.

पत्रकारांना काय स्पेशल हक्क आहेत? मग एवढा आरडाओरडा कशाला?

स्पेशल काही नाही, हीच तर गंमत. संविधानात "पत्रकार" असा शब्द हक्कांच्या यादीत नाही. तुम्हाला जे १९ व्या कलमानं बोलायचं स्वातंत्र्य आहे तेच मला. सोर्सचं नाव न सांगायची मुभा फक्त प्रेस कौन्सिलसमोर आहे, कोर्टात अशी ढाल नाही.

पत्रकारांच्या स्वातंत्र्याच्या २०२५ च्या जागतिक यादीत भारत १८० मध्ये १५१ वा होता, आदल्या वर्षी १५९. या यादीवर लोक खूप भांडतात, मोजायची पद्धत वगैरे. भांडा. मला यादी नको, राजापूर पुरे. इथून पहाटे निघालं तर जेवायच्या आत पोचतो आपण. तिथं शशिकांत वारिशे नावाचा बातमीदार रिफायनरीच्या जमिनींवर लिहायचा. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्याची बातमी छापून आली, आणि त्याच दिवशी ज्याच्यावर लिहिलं त्याच्या गाडीनं त्याला पेट्रोल पंपाजवळ उडवून फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. घरी आई आणि मुलगा.

पण गोव्यात असं क्वचित होतं. इथं जाहिरात बंद होते. एका डोंगरकापणीची माझी बातमी, सर्व्हे नंबर, परवानग्या, सगळे कागद जोडून दिलेली, रात्री अकराला पानावरून उतरली आणि त्या जागी त्याच प्रोजेक्टची अर्ध्या पानाची जाहिरात लागली. कोणी धमकी दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही, संपादकांनी उलट चहा पाजला. अशा गोष्टी कुठल्या यादीत मोजतात?

आमचे आजोबा म्हणायचे पोर्तुगीज असताना कायद्याचं राज्य होतं.

आजोबांना नमस्कार, पण त्या काळचा पेपर बघा कधी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत पेपरवर "सेन्सॉरनं पाहिला" अशा अर्थाचा पोर्तुगीज शिक्का छापलेला असायचा. लग्नपत्रिका छापायची तरी परवानगी लागायची अशा गोष्टी घराघरात सांगतात. १९४६ मध्ये गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हांना लष्करी कोर्टापुढं उभं करून आठ वर्षं ठोठावली आणि थेट पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात नेलं, त्याआधी आग्वादच्या कोठडीत ठेवलं होतं. मराठी शिकवायला गोव्यात आलेले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच, सुटले जानेवारी १९६९ मध्ये. म्हणून तर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेबाहेरच्या जंगलातून रेडिओ चालवायचे, १९५५ पासून मुक्तीपर्यंत, कारण गोव्यात खरी बातमी छापायला जागाच नव्हती.

आता आग्वादच्या जेलाचं म्युझियम झालंय, तिकीट काढून कोठडीत सेल्फी मिळतो.

फेसबुकवर काय लिहिलं तर धरतील?

आयटी कायद्याचं ६६-अ कलम मार्च २०१५ मध्येच रद्द झालंय, कोणी पोलीस त्याचं नाव घेत असेल तर नम्रपणे आठवण करून द्या. राजद्रोहाचं १२४-अ सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये थांबवलं, आणि नव्या न्याय संहितेत ते १५२ म्हणून मागच्या दारानं आलं, "राजद्रोह" शब्द नाही पण जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. इथं गोव्यात जास्त चालतात ती धार्मिक भावना दुखावल्याची कलमं, आणि दोन्ही बाजूंनी चालतात: सकाळी यांची तक्रार, संध्याकाळी त्यांची. ग्रुप अ‍ॅडमिन घाबरून विचारतात म्हणून सांगतो, दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी फक्त अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हा लागत नाही, २०२१ चा नागपूर खंडपीठाचा निकाल आहे. तुम्हीच त्याला भरीस घातलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

युद्धाचे व्हिडिओ येतात, खरं कुठलं मानायचं?

मे २०२५ मधली ती रात्र आठवते ना, टीव्हीवाल्यांनी कराची बंदर उडवून टाकलं होतं, आमचा शेजारी फटाके शोधत होता. सकाळी बंदर जाग्यावर. हे दुसऱ्या देशानं केलं नाही, आपल्याच चॅनेलांनी आपल्याच लोकांना सांगितलं. मग उद्या खरं काही झालं तर कोणावर विश्वास ठेवायचा?

मी एकच बघतो, बातमी देणारा माणूस तिथं आहे का. गाझात ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलनं बाहेरच्या पत्रकारांना स्वतंत्रपणे आत सोडलं नाही, लष्कराच्या गाडीतून फिरवून आणलं. त्यामुळे जे दिसलं ते तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांमुळं, आणि ते इतके मेले की अशी नोंद १९९२ पासून ठेवणाऱ्या संस्थेनं हेच सगळ्यात वाईट युद्ध म्हटलं. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून माणसं मरतायत, लाखो बेघर झालीत, पण तिथं कॅमेराच नाही म्हणून तुमच्या फोनवर सुदानचा एकही व्हिडिओ आला नसेल. बघा, आलाय का?

ते हेगचं कोर्ट नुसतं वॉरंट काढतं, होतं काय?

हेगला दोन कोर्टं आहेत, लोक मिसळतात. एक देशांच्या भांडणाचं, दुसरं माणसांवरच्या खटल्याचं. पुतिनवर मार्च २०२३ मध्ये आणि नेतन्याहूंवर नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट काढलं ते दुसऱ्यानं. त्याला स्वतःचे पोलीस नाहीत, सभासद देशानं पकडून द्यायचं. भारत सभासद नाही, रशिया, इस्रायल, अमेरिकाही नाहीत.

पहिल्या कोर्टाशी आपलं जुनं नातं आहे. १९५५ मध्ये पोर्तुगालनं भारतावर तिथं केस घातली होती, दादरा नगर हवेलीत जायला दमणहून वाट द्या म्हणून! एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला: साध्या माणसांना आणि मालाला वाट होती, फौजेला नव्हती, आणि भारतानं काही चूक केलेली नाही. कुलभूषण जाधवांची केसही तिथलीच, जुलै २०१९ मध्ये कोर्टानं पाकिस्तानला झापलं की आपल्या वकिलातीला त्यांना भेटू का दिलं नाही. जाधव अजून सुटलेले नाहीत हे खरं, पण फाशी थांबली ती याच कोर्टाच्या कागदानं.

भाऊ तारवर आहे, जहाज तांबड्या समुद्रातून जाणार म्हणतायत...

हा प्रश्न आला की घरात टीव्ही चालूच असतो, आईनं जेवण सोडलेलं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर जहाज धरलं, त्यावरचे २५ खलाशी जानेवारी २०२५ ला सुटले, चौदा महिने, त्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये इराणनं एमएससी एरीज धरलं त्यावर १७ भारतीय होते, ते टप्प्याटप्प्यानं परत आले.

करार बघायला सांगा. युनियनचा आंतरराष्ट्रीय करार जहाजाला लागू असेल आणि तो भाग युद्धजन्य म्हणून जाहीर असेल तर त्या पट्ट्यात जायला नकार देता येतो, कंपनीनं आपल्या खर्चानं उतरवून द्यायचं. गेला तर जादा पगार. पण एजंटामार्फत भलत्याच झेंड्याच्या जुन्या जहाजावर गेला असेल तर असला करारच नसतो, म्हणून निघण्यापूर्वी कराराची आणि सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तकाची) फोटोकॉपी घरी ठेवायची, फोनमध्ये नाही, कपाटात. आमच्याकडे तारवटी घर सोडताना देवाला नारळ ठेवतात, त्याच्या शेजारी ही फोटोकॉपीही ठेवा.

आखातात पोराला पकडलंय, इथून काय करता येतं?

भारतीय वकिलातीला लेखी कळवा आणि मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा. पकडलेल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी बोलू देणं हे १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे, तोच जाधवांच्या केसमधला मुद्दा. आणि हो, पोरानं पोर्तुगीज पासपोर्ट केला असेल तर भारतीय नाही, पोर्तुगालची वकिलात गाठायची, हे घरचे हमखास विसरतात आणि पहिले दोन दिवस चुकीच्या दारात जातात.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

१५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. बाई असेल, लहान मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल किंवा कोठडीत असलेला कोणीही, उत्पन्न न बघता वकील फुकट. अर्ज दिल्यावर पोच मागून घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. शिक्का पुसट उठला तर परत मारायला सांगा.